ताप आलाच नव्हता

सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण आईने रविवारी धरलं होतं आणि त्याच्या आधीच्या बुधवारी माझं बीपी १७०/११० आलं. पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, लघवीत प्रोटीन. बार्शीच्या मॅडमनी सरळ सांगितलं, इथे थांबू नका, बाळांचं आयसीयू असेल तिथेच जा, आणि तासाभरात आम्ही अँब्युलन्समधून सोलापूरच्या वाटेला. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू केली, ती पूर्ण होईपर्यंत कसंबसं थांबवलं आणि मग सिझर. २८ आठवडे ४ दिवस. वजन १०५० ग्रॅम. मुलगी.

पहिल्या दहा दिवसांबद्दल फार लिहीत नाही, तेही सोपे नव्हतेच पण जे सांगायचंय ते त्याच्या नंतरचं आहे. फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून सर्फॅक्टंट दिलं, नाकातून हवेचा दाब देणाऱ्या सीपॅपवर ठेवलं, श्वास घ्यायला विसरू नये म्हणून कॅफीन, आधी बेंबीतून लाइन मग हातातून एक लांब बारीक लाइन, आणि तोंडातून पोटात गेलेल्या नळीने दर दोन तासांनी १ मिली दूध, मग २, मग ५. पाचवी सासूबाईंनी घरीच पूजली, पाटावर कोरी वही आणि पेन ठेवून, बाळ ७० किलोमीटरवर पेटीत. दहाव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या "पचवतेय हो पोरगी", आणि त्या रात्री मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

अकराव्या दिवशी पहाटे साडेतीनला दूध काढून डबी द्यायला गेले तर तिच्या वॉर्मरपाशी दोन सिस्टर आणि ड्युटी डॉक्टर. बारा वाजल्यापासून चार वेळा श्वास थांबला होता, प्रत्येक वेळी पाठ चोळून, पायाला टिचकी मारून परत सुरू केला. नळीतून मागे ओढल्यावर पोटातलं दूध तसंच आलं, त्यात हिरवट झाक. मी हात धुऊन तिच्या तळपायाला बोट लावलं, एरवी बोट लागलं की पाय झटकायची, त्या दिवशी काहीच नाही. पोट कोमट आणि तळपाय गार. आणि मांड्यांवर कातडीत निळसर जाळी उमटलेली, संगमरवराच्या फरशीवर असते ना तशी.

मी विचारलं, ताप आहे का? सिस्टर म्हणाल्या, नाही, ३५.९ सेल्सिअस आहे, उलट गार पडतेय. आणि मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. बाहेर येऊन ह्यांना फोन केला की ताप नाहीये म्हणजे इन्फेक्शन नसेल, थंडी लागली असेल. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात इन्फेक्शन म्हणजे ताप, रडणं, किरकिर असंच असतं, माझ्याही होतं, आणि मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवते.

सव्वाचारला मोठ्या मॅडम आल्या. त्यांनी तिच्या छातीवर बोटाने दाबलं आणि सोडलं आणि मोजलं, तो पांढरा ठिपका परत गुलाबी व्हायला चार सेकंद लागले, तीनच्या आत व्हायला हवा. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, इतक्या लहान बाळाला ताप येईलच असं नाही हो, गार पडणं, श्वास विसरणं, दूध न पचणं, गप्प पडून राहणं, हाच यांचा ताप समजा. रक्तात इन्फेक्शन शिरलंय असं मला वाटतंय, सेप्सिस. रिपोर्टची वाट बघायची नाही, अँटिबायोटिक आत्ताच सुरू करतेय.

कल्चरसाठी, म्हणजे रक्तात कोणता जंतू आहे तो वाढवून बघण्यासाठी, १ मिली रक्त घेतलं. १ मिली म्हणजे काय असं वाटेल, पण एवढ्या बाळाच्या अंगात रक्तच किलोला साधारण ९० मिली, म्हणजे हिच्यात चहाच्या कपभरही नाही. बाकीच्या तपासण्यांनाही थेंब मोजून घेत होते. दूध बंद केलं, सलाइनमधून सगळं. ती हातातली लांब लाइनही काढून टाकायची ठरली, कारण जंतू अशा लाइनवर थर करून बसतात आणि मग औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

सकाळी सातला पहिला सीआरपी आला, इन्फेक्शन झालं की रक्तात वाढतो तो, ४. नॉर्मल. मला परत हायसं वाटलं आणि मॅडमनी परत मान हलवली. त्यांनी जे समजावलं ते मला आजही पाठ आहे. सीआरपी जंतू बनवत नाहीत, तो आपलं लिव्हर बनवतं. जंतू आत आला की आधी तिथल्या पांढऱ्या पेशी त्याला ओळखतात, मग त्या रक्तात निरोप सोडतात, तो निरोप लिव्हरला मिळतो, मग लिव्हर सीआरपी करायला घेतं, या सगळ्यात दहाबारा तास जातात. म्हणून आजारी पडल्या पडल्या काढलेला सीआरपी चांगला आला तर त्याच्यावर विसंबायचं नाही, उद्या परत करायचा. दुसऱ्या दिवशी तो ६१ होता आणि तिसऱ्या दिवशी ११८.

पण आम्हाला तिथपर्यंत थांबावंच लागलं नाही. त्याच दिवशी दुपारी तिचं बीपी पडलं, ठोके १९५, श्वास स्वतःचा जवळजवळ नाहीच. व्हेंटिलेटर. बीपीसाठी औषधाचा पंप. प्लेटलेट ३१ हजार. आणि पांढऱ्या पेशी २४००. मी तर ऐकलं होतं इन्फेक्शनमध्ये पांढऱ्या पेशी वाढतात, वाढून १५-२० हजार होतात, मग इथे कमी कशा? माझ्या चेहऱ्यावर तो प्रश्न दिसला असणार.

मॅडम म्हणाल्या, सोरेगावला एसआरपी कॅम्प बघितलाय ना? गावात काही झालं की रस्त्यावरचे पोलीस पुढे होतात आणि कॅम्पमधून राखीव तुकड्या निघतात. मोठ्या माणसाच्या हाडाच्या मगजात अशा राखीव पेशी भरपूर असतात, न्यूट्रोफिल म्हणतात त्यांना, म्हणून आपला आकडा वाढतो. हिचा कॅम्पच अजून बांधून झालेला नाही. होत्या नव्हत्या त्या सगळ्या पेशी रस्त्यावर उतरल्या, लढून संपल्या आणि मागून यायला कोणी नाही, म्हणून आकडा खाली. रिपोर्टमध्ये अर्धवट वाढलेल्या पेशींचं प्रमाण पण वाढलेलं होतं, म्हणजे मगजाने ट्रेनिंग पूर्ण न झालेले पण पाठवून दिलेले. तो कागद हातात धरून मी जिन्यात बसून रडले.

नातेवाईक यायला लागले. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, "प्रतिकारशक्ती कमी आहे बाळाची". कोणी म्हणे मध चाटवा, कोणी घरची गुटी आणली, कोणी मला विचारलं गरोदरपणात नीट खाल्लं नव्हतंस का. सासूबाईंनी बाकी एकदाही तसं विचारलं नाही, त्या फक्त "अगं तू दोन घास खा आधी" म्हणत राहिल्या. पण मला ते वाक्य आतून कुरतडत होतं. कमी म्हणजे काय? मी कमी दिली का?

चौथ्या दिवशी मॅडमना धीर करून विचारलं आणि त्यांनी वेळ काढून, राउंड संपल्यावर काउंटरपाशी उभं राहून वीस मिनिटं सांगितलं. त्यातलं मला समजलं ते माझ्या भाषेत लिहिते.

बाळ पोटात असताना त्याच्या शरीराचं काम लढणं हे नसतंच. उलट न लढणं हे काम असतं. आईच्या काही पेशी नाळेतून बाळात जातात, बाळाच्या आईत येतात, दोघींनी एकमेकींना परकं समजून हल्ला केला तर दोघींचंही अवघड. म्हणून बाळाच्या रक्षकपेशींना पोटात शिकवलेलं असतं की शांत राहा, आवाज करू नका. जन्मल्यावरही ही शांतता एकदम जात नाही, आणि ती लागतेही, कारण पहिल्या काही दिवसांतच आतड्यात कोट्यवधी चांगले जंतू राहायला येतात, त्या प्रत्येकावर तुटून पडून कसं चालेल. तर माझी पोरगी कमजोर नव्हती, ती अजून पोटातल्याच नियमाने वागत होती. तिच्या हिशेबाने तिला आणखी अकरा-बारा आठवडे आतच राहायचं होतं.

आणि दुसरं म्हणजे शिदोरी. मला लहानपणी जे जे आजार झाले, ज्या लशी दिल्या, गरोदरपणी धनुर्वाताची सुई दिली, त्या सगळ्याच्या अँटिबॉडी माझ्या रक्तात आहेत, त्यातल्या आयजीजी जातीच्या नाळेतून बाळाला जातात, पण त्यांचा मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत जातो. पूर्ण दिवसांच्या बाळात तर त्या आईच्या बरोबरीने, कधी आईपेक्षाही जास्त असतात. माझी शिदोरी बांधायच्या आतच पोरगी घराबाहेर पडली होती. कातडीही पातळ, पाठीवर शिरा दिसायच्या, तीच पहिली भिंत असते ना आपली, तीही अजून पुरती लिंपलेली नाही.

पण मॅडमनी आणखी एक सांगितलं ज्याने मी जास्त घाबरले. ही शांत यंत्रणा एकदा जागी झाली की कुठे थांबायचं हेही तिला नीट कळत नाही. जंतूंवरचा राग अंगभर पसरतो, रक्तवाहिन्या गळायला लागतात, बीपी पडतं, आणि इतक्या कोवळ्या मेंदूला त्या जळजळीचाच त्रास होऊ शकतो, जंतू मेंदूत गेले नाहीत तरी. म्हणून पाठीतलं पाणी काढून तपासणं आणि टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी. प्लेटलेट वर येऊन तिला जरा स्थिरता आल्यावर पाठीतलं पाणी काढलं, ते स्वच्छ आलं, मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाचं इन्फेक्शन नाही. त्या रिपोर्टचा फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.

मध्येच माझ्या मावसदिराने, त्यांचं मेडिकलचं दुकान आहे, ह्यांना फोन करून सांगितलं की तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन मिळतं, इम्युनोग्लोब्युलिन, महाग आहे पण आपण आणू, पैशाचं बघू. आम्ही आशेने मॅडमकडे गेलो. शिदोरी नाही ना, मग बाहेरून देऊ, इतकं सरळ वाटत होतं. त्या म्हणाल्या, हा विचार डॉक्टरांनाही पटलेला होता, म्हणून जगभरातल्या जवळपास साडेतीन हजार सेप्सिसच्या नवजात बाळांवर तपासून बघितलं, २०११ मध्ये निकाल आला, ज्यांना दिलं आणि ज्यांना नाही दिलं त्यांच्यात दोन वर्षांनंतर मृत्यू किंवा अपंगत्व यात काही फरक नव्हता. पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शनही असंच, आकडा वाढतो पण तेवढ्याने इन्फेक्शन टळत नाही. मला त्या क्षणी राग आला, आज कळतं की त्या आम्हाला खोटी आशा विकत नव्हत्या.

कल्चरची बाटली मशिनमध्ये असते, जंतू वाढले की ते वायू सोडतात आणि मशीन इशारा देतं. आमची बाटली १४ तासांत वाजली. लवकर वाजली म्हणजे रक्तात जंतू बरेच असावेत, हे मला सिस्टरच्या चेहऱ्यावरूनच कळलं. दोन दिवसांनी नाव आलं, क्लेब्सिएला. आणि खाली औषधांची यादी, प्रत्येकासमोर आर, आर, आर. आर म्हणजे या औषधाला जंतू दाद देत नाही. नेहमीची सगळी आर, मेरोपेनेमसारखं तगडं औषधसुद्धा आर. शेवटी कोलिस्टिन सुरू केलं, ते किडनीला जड जातं म्हणून रोज लघवी मोजायची, डायपरचं वजन करून, आणि एक दिवसाआड क्रिएटिनिन, किडनीची रक्ततपासणी. आपल्याकडच्या एनआयसीयूंमध्ये हा जंतू असा हट्टी झालाय ही नुसती आमच्या हॉस्पिटलची गोष्ट नाही, देशभरातलं दुखणं आहे, आणि उठसूट सर्दीला अँटिबायोटिक खाण्याचा त्यात मोठा वाटा आहे. मी स्वतः बी.एड. करताना दोन गोळ्या खाऊन बरं वाटलं की पाकीट ठेवून द्यायची, हे मला त्या यादीसमोर आठवलं.

जंतू कुठून आला? मी माझे हात बघत बसायचे. पहिल्याच दिवशी सिस्टरनी सांगितलं होतं, अंगठी नाही, घड्याळ नाही, बांगड्या नाही, कोपरापर्यंत दोन मिनिटं धुवायचे. हिरवा चुडा उतरवताना आईच्या डोळ्यात पाणी आलं होतं, पण मी उतरवला. तरी वाटायचं एखाद्या वेळी घाईत कमी धुतले असतील का. मॅडम म्हणाल्या हा जंतू आतड्यात राहतो, ओल्या जागी राहतो, सिंकमध्ये, नळ्यांवर, कोणाच्याही हातावर, नेमका कुठून ते आता कळणार नाही, तुम्ही पुढचे हात धुवा. तेवढंच केलं मी.

आणि दूध काढलं. तिचं दूध बंद होतं तरी दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, अलार्म लावून. सुरुवातीचा घट्ट पिवळा चीक तर त्यांनी पहिल्या दिवसापासून थेंबथेंब तिच्या गालाच्या आतून लावला होता, पोटात जात नसलं तरी. नाळेतून रक्तात जायच्या त्या अँटिबॉडी गेल्या त्या गेल्या, पण दुधातली आयजीए नावाची वेगळी अँटिबॉडी असते, ती रक्तात जात नाही, आतड्याच्या भिंतीवर लेप देऊन बसते आणि जंतूंना चिकटू देत नाही, शिवाय दुधात लॅक्टोफेरिन असतं जे जंतूंच्या तोंडचं लोह पळवतं. आणि दिवस कमी असलेल्या आईच्या दुधात या गोष्टी जास्त असतात, हे ऐकल्यावर मला इतके दिवसांत पहिल्यांदा वाटलं की माझ्या शरीराने काहीतरी बरोबर केलं. ३० मिली आलं तरी मी डबीवर तारीख आणि वेळ मोत्यासारख्या अक्षरात लिहायचे. शेजारच्या बेडवरच्या ताईंना दूधच येत नव्हतं, त्यांच्या बाळासाठी मिल्क बँकेचं दूध होतं. सायनला १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मिल्क बँक काढली, त्या बाईंना मी मनातून किती वेळा हात जोडले असतील. आणि ज्या कोणाच्या प्लेटलेट माझ्या पोरीला दिल्या त्या अनोळखी माणसालाही. १५ मिली फक्त. पण त्यावर तिचं रक्तस्रावाचं टळलं.

सतराव्या दिवशी सीआरपी ९४, मग ४०, मग १२. मॅडम म्हणाल्या इन्फेक्शन आटोक्यात आलं की लिव्हर बनवायचं थांबवतं आणि मग हा आकडा भराभर उतरतो, एका दिवसात निम्म्याच्याही खाली. पण आकडा पुरता उतरायच्या आधीच मला कळलं होतं. अठराव्या दिवशी टाचेत सुई टोचली आणि ती रडली. व्हेंटिलेटर आदल्या दिवशी काढलेला, आवाज बसलेला, मांजराच्या पिल्लाएवढा. आठवडाभर टोचलं तरी हललीही नव्हती. सिस्टर हसून म्हणाल्या "आता त्रास देणार ही आम्हाला", आणि मी आणि ह्यांनी काचेच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे बघितलं.

एकूण १४ दिवस अँटिबायोटिक. दूध परत १ मिलीपासून. मग कांगारू. तिला फक्त डायपर आणि टोपी, माझ्या छातीवर, वरून शाल. आधी वाटलं होतं हे मायेसाठी, पण हे औषधच आहे. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांत केलेल्या अभ्यासात जन्मल्या जन्मल्या कांगारू सुरू केलेल्या लहान बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले आणि सेप्सिसही कमी. बाळ गार पडत नाही, आईच्या अंगावरचे घरचे जंतू बाळाच्या अंगावर वसतात आणि हॉस्पिटलच्या जंतूंना जागा कमी उरते. मी दिवसाला आठ आठ तास बसायचे, संध्याकाळी शाळा सुटली की... ह्यांची शाळा, हेही शिक्षकच... हे बार्शीहून यायचे आणि दोन तास शर्टाची बटणं उघडून बसायचे. आमच्या घरात बापाने असं कधी कोणी बघितलं नव्हतं.

६२ व्या दिवशी डिस्चार्ज, १८२० ग्रॅम. त्याआधी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली, एकदा नाही तीनदा, आणि अँटिबायोटिकमुळे कानाचीही. दोन्ही ठीक. पण दर तीन महिन्यांनी मेंदूच्या वाढीसाठी दाखवायला जातो, कारण सेप्सिस होऊन गेलेल्या बाळांचं मागे पडणं लवकर लक्षात आलं तर व्यायामाने खूप फरक पडतो. आता ती चौदा महिन्यांची, खरे दिवस, म्हणजे दिवस भरायच्या तारखेपासून धरले तर अकरा. धरून उभी राहते. उजव्या पायाचा पंजा जरा ताठ आहे, रोज तेल लावून फिजिओच्या ताईंनी शिकवलेलं करतो.

लशीचं राहिलं. सगळे म्हणाले एवढीशी आहे, दोन महिने थांबा. मॅडम म्हणाल्या लस जन्मतारखेवर द्यायची, खऱ्या दिवसांवर नाही, हिला शिदोरी नाही म्हणून तर हिला जास्त गरज. तब्येत स्थिर आहे, लस घेऊन शिकण्याइतकं तिचं शरीर आता तयार आहे. दहाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच आजारांची एकत्र लस दिली. संध्याकाळपासून किरकिर, मांडीला हात लावू देईना, आणि रात्री नऊला काखेत थर्मामीटर लावला तर १००.८ फॅरनहाइट.

तिच्या आयुष्यातला पहिला ताप.

मी लगेच मॅडमना फोन लावला, इतक्या लहान बाळाचा ताप अंगावर काढायचा नाही हे मला माहीत होतं. त्यांनी सगळं विचारलं, दूध पितेय का, श्वास कसा, हातपाय गरम आहेत का, लघवी झाली का, मग थेंब किती द्यायचे ते सांगितलं आणि तासाभराने परत फोन करायला सांगितला. हे थेंब मोजत होते आणि ती तांबडीलाल होऊन दोन्ही पाय झटकत, तोंड उघडून रडत होती, इतक्या जोरात की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. मी तिचा तळपाय हातात धरून बसले होते. गरम होता.